पुण्यात फुकट काय बघाल? आणि ते फुकट कोणाला होतं?

सुट्ट्या लागल्या की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो. "दोन दिवस पुण्याला येतोय, पोरं बरोबर आहेत, जास्त खर्च न करता काय बघता येईल?" प्रश्न अगदी रास्त आहे. चार माणसांचं कुटुंब एसटीनं आलं, राहिलं, दोन वेळा जेवलं की बजेट संपतं. वर प्रत्येक दारात तिकीट म्हटलं की पोरांना आईस्क्रीम द्यायचं की इतिहास दाखवायचा, असा हिशेब सुरू होतो.

तर मंडळी, जुनं पुणं एक रुपयाचंही तिकीट न काढता दिवसभर बघता येतं. फुकट ते पौष्टिक म्हणतात ना, ते इथे खरं आहे. पण ठिकाणांची नुसती यादी मी देणार नाही, ती मोबाईलवर कुठेही मिळते. मराठीत 'फुकट' आणि 'खुलं' असे दोन शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ एक नाही. या शहरात फुकट मिळणाऱ्या गोष्टी पेशव्यांच्या काळापासून भरपूर होत्या. सगळ्यांना खुल्या असलेल्या मात्र फार थोड्या. फिरायला याल तेव्हा हे डोक्यात ठेवलंत तर त्याच गल्ल्या वेगळ्या दिसतील.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण पुण्यातली सगळ्यात मोठी फुकट सोय पाण्याचीच होती.

शहराच्या दक्षिणेला, आठ-दहा किलोमीटरवर कात्रजचा डोंगर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, तिथे बांध घालून तलाव केले आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. नळ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पाइप नव्हे. माणूस आत उतरून चालू शकेल एवढं चुनेगच्ची भुयार. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. गाळ वरच्या तलावात बसायचा आणि निवळलेलं पाणी पुढे यायचं. वाटेत जागोजागी धुराड्यासारखे दगडी मनोरे, त्यांना म्हणायचे उच्छ्वास. आतली हवा बाहेर पडावी, नळ साफ करायला माणूस उतरवता यावा, यासाठी ते होते. त्यातले बरेचसे रस्त्यांच्या रुंदीकरणात आणि इमारतींच्या पायात गेले. उरलेल्यांतल्या एखाद्याजवळून रोज गाडीवरून जाणाऱ्याला तो कशाचा खांब आहे हे माहीत नसतं. फलक नाही, तर माहीत असणार कसं?

या नळाचं पाणी शनिवारवाड्यातल्या कारंज्यांना जायचं, सरदारांच्या वाड्यांना जायचं आणि पेठांमधल्या सार्वजनिक हौदांनाही जायचं. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावकडून सदाशिव पेठेच्या हौदापर्यंत दुसरा नळ आणला. लोकांनी हौदावर यायचं, घागर भरायची, घरी जायचं. पाणीपट्टी नाही, मीटर नाही, टँकर तर नाहीच. अठराव्या शतकातल्या किती शहरांत अशी सोय असेल?

आज हे हौद बहुतेक ठिकाणी नावापुरते उरलेत. फडके हौद, सात तोटी, काळा हौद, पंचहौद. रिक्षावाल्याला नाव सांगा, तो बरोबर चौकात सोडेल. चौकात हौद असेलच असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खडकवासल्याच्या धरणाचं पाणी आलं आणि हौदांची गरज हळूहळू संपली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. तेव्हा या जुन्या हौदांनीच तहान भागवली, असं पेठांतली म्हातारी माणसं अजून सांगतात. आज त्याच पेठांमध्ये हिंडताना बाटली बरोबर ठेवा, नाहीतर वीस रुपये मोजून घ्यावी लागेल.

एवढं वाचून कोणी "बघा, पेशव्यांच्या काळात पाणीसुद्धा फुकट होतं" असा फॉरवर्ड करेल. थोडं थांबा. हौद फुकट होते, पण ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांची घागर त्या पाण्याला लागू शकत नव्हती. नळ खणायला, दगड वाहायला हात चालले, पाणी प्यायला चालले नाहीत. पुण्याच्या पाण्याची गोष्ट सांगताना हा भाग नेहमी गाळला जातो. उतार किती सुंदर काढला होता यावर आपण तासभर बोलतो. मीही बोलतो, कारण तो खरंच सुंदर आहे. पण पाणी पोचलं कोणापर्यंत हे कुणी विचारलं की बैठकीत शांतता होते.

म्हणून पोरांना घेऊन आधी गंज पेठेत जा. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. तिथे जोतिराव आणि सावित्रीबाईंचं घर आहे, फुले वाडा. जायच्या आधी वेळ तेवढी बघा. घर साधं आहे. शनिवारवाड्याच्या मानानं खूपच साधं. अंगणात जोतिरावांची समाधी आहे. आणि याच घराचा पाण्याचा हौद १८६८ साली जोतिरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. घरातलं पाणी. स्वतःच्या जातीतले लोक काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, याचा विचार केला असता तर झालंच नसतं.

या तारखेचं वजन कळण्यासाठी पुढच्या दोन तारखा शेजारी ठेवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा नव्हे, सीताराम केशव म्हणजे एस. के. बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात आला १९२३ साली. (नावाची आद्याक्षरं लोक हमखास चुकवतात म्हणून मुद्दाम लिहिलं.) आणि महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते १९२७ साली. म्हणजे गंज पेठेतल्या त्या घरात जे घडलं, त्यानंतर महाडपर्यंत पोचायला एकोणसाठ वर्षं लागली. आणि तिथेही तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झालाच.

वाड्यापासून पंचहौद अगदी जवळ आहे, पोरं कुरकुर न करता चालतील. तिथे पवित्र नाम देवालय आहे, आणि त्याचा घंटेचा उंच मनोरा चर्चपासून वेगळा, सुटा उभा आहे. बाहेरून बघा, प्रार्थना चालू नसेल तर शांतपणे विचारून आतही डोकावा.

या पंचहौद मिशनमध्ये ४ ऑक्टोबर १८९० ला पुण्यातल्या काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं होतं. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी तसाच बाजूला ठेवला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी मग उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि जो काय गदारोळ झाला म्हणता! ख्रिस्त्यांच्या हातचा चहा. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताचा वाद काही वर्षं चालला. रानड्यांनी शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांमध्येच त्यांच्यावर नाराजी ओढवून घेतली. पुण्यातला इतका महाग पडलेला फुकटचा चहा दुसरा नसेल.

मला मात्र या प्रकरणातली दुसरीच गोष्ट खटकत राहते. ज्या दिवसांत हा चहा गाजत होता त्याच दिवसांत जोतिराव पक्षाघातानं खचलेले होते. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, त्या चहापानानंतर दोन महिनेही झाले नव्हते. शहरातली शहाणी माणसं कोणी कप ओठाला लावला होता याचा तपास करत होती, आणि ज्याने बावीस वर्षांपूर्वी आपल्या घरचा हौद खुला करून पाण्याचा विटाळ मोडला, तो माणूस अखेरचे दिवस मोजत होता. शाळेच्या पुस्तकात चहाचं प्रकरण वेगळ्या धड्यात असतं, जोतिराव वेगळ्या. चालत गेलं की कळतं की दोन्ही शेजारशेजारी आहेत.

तिथून मंडईकडे वळा. महात्मा फुले मंडई, अष्टकोनी मध्यभाग, वर मनोरा. १८८६ मध्ये सुरू झाली तेव्हा गव्हर्नरच्या नावानं तिला रे मार्केट म्हणायचे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरायचा. गंमत अशी की जोतिराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईची इमारत बांधायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. मंडई झालीच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला जोतिरावांचंच नाव दिलं गेलं. आपल्याकडे माणसाचं म्हणणं ऐकण्यापेक्षा त्याचं नाव देणं स्वस्त पडतं. असो. मंडईत फिरायला पैसे लागत नाहीत, सकाळी सातच्या सुमाराला जा, रंग आणि गोंगाट दोन्ही भरपूर. मावश्यांच्या गाळ्यासमोर मध्येच उभं राहून फोटो काढत बसू नका, त्यांची बोहनीची वेळ असते.

मंडईपासून बाजीराव रस्त्याला आलात की विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा. रस्त्यावरूनच त्याची लाकडी दर्शनी बाजू बघा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब बघा. आजचा मुद्दा लाकडाचा नाही, दक्षिणेचा आहे.

दक्षिणा हा पेशवाईतला सगळ्यात मोठा फुकट वाटपाचा कार्यक्रम. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना जमवायचं आणि सरकारी खजिन्यातून दक्षिणा द्यायची. आकडे लाखांत जायचे, लांबलांबून लोक यायचे. पैसा कुठला? रयतेच्या सारा-महसुलातला. म्हणजे देणारे सगळे, घेणारा एक वर्ग. इंग्रज आल्यावर एल्फिन्स्टननं ही रक्कम कमी केली आणि त्यातल्या काही पैशांवर १८२१ मध्ये याच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. आजच्या डेक्कन कॉलेजची वंशावळ तिथपर्यंत जाते. सुरुवातीला तिथेही शिकणारे ब्राह्मणच. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला की दक्षिणेतला काही पैसा चांगल्या मराठी पुस्तकांना द्या, लेखक कोणत्याही जातीचा असो. शहरातला कर्मठ वर्ग इतका खवळला की अर्ज द्यायला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी जोतिरावांनी आपली माणसं जमवली. अर्ज बऱ्याच अंशी मान्य झाला, दक्षिणा प्राइझ कमिटी आली. आणि १८५५ मध्ये जोतिरावांनी 'तृतीय रत्न' हे आपलं नाटक याच कमिटीकडे पाठवलं, तेव्हा ते नाकारलं गेलं. वाड्यासमोर उभं राहून ही गोष्ट पोरांना सांगा. स्कॉलरशिपचा फॉर्म भरणाऱ्या पोरांना ती लगेच समजते.

जवळच बुधवार पेठेत, दगडूशेठच्या समोर, भिडे वाडा होता. होता असंच म्हणायला लागतं. १८४८ मध्ये इथे फुल्यांनी मुलींची शाळा काढली. वाडा वर्षानुवर्षं कोर्टात अडकला, खाली दुकानं, वर पडझड. डिसेंबर २०२३ मध्ये तो राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हायलाच हवं. पण मूळ वाडा टिकवण्याइतकी घाई आपल्याला तो उभा असताना कधीच झाली नाही, हेही खरं.

शनिवारवाड्याच्या आत तिकीट आहे. परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, आत मुख्यतः जोती आणि बाग. खरा रुबाब दिल्ली दरवाज्याचा, आणि तो बाहेरून दिसतो. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले ते खिळे पोरांना फार आवडतात. समोरच्या पटांगणात किती सभा झाल्या असतील! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात इथे माणसं मावत नव्हती.

दोन ठिकाणांवर फार लिहीत नाही, पण चुकवू नका. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती, अठराव्या शतकातलं गोसाव्यांचं दगडी देऊळ, दर्शनी भिंतीवर साखळदंडानं गेंडा बांधणारे गोरे शिपाई कोरलेत. आणि जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर, एकाच खडकात खोदलेलं, आठव्या शतकाच्या सुमाराचं, गोल नंदीमंडपासह. बाहेर ट्रॅफिक, आत गारवा. पेशवेच काय, पेठाही नव्हत्या तेव्हापासून ते आहे, हे सांगितलं की पुणेकरांचाही चेहरा बघण्यासारखा होतो.

संध्याकाळ पर्वतीसाठी ठेवा. एकशे तीन पायऱ्या, रुंद आणि सोप्या, आजी-आजोबासुद्धा थांबत थांबत चढतात. १७४९ मध्ये नानासाहेबांनी देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब जून १७६१ मध्ये याच टेकडीवर गेले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावानं इथूनच पाहिली, असं प्रत्येक गाईड सांगतो, आणि ते खरं आहे. वर संग्रहालयाला तिकीट आहे, देवळाला आणि वाऱ्याला नाही.

गाईड सहसा जे सांगत नाही ते असं. १३ ऑक्टोबर १९२९ ला याच पायऱ्या चढून अस्पृश्य सत्याग्रही देवदर्शनाला निघाले. पुढाकार शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांचा. कांबळे म्हणजे १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढणारे. बरोबर काकासाहेब गाडगीळ होते, तरुण एस. एम. जोशी होते. देवळाचे दरवाजे बंद केले गेले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सत्याग्रह काही महिने चालला, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्च १९३० चा, म्हणजे त्याच्या आधी पर्वतीवर हे घडत होतं. दार त्या वेळी उघडलं नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ उजाडावं लागलं.

तिकीट तेव्हाही नव्हतं. एकशे तीन पायऱ्या तेव्हाही तेवढ्याच होत्या.

कोणी म्हणेल सुट्टीत फिरायला आलेल्यांना हे कशाला ऐकवता. ऐकवायचं कारण आजचं आहे. जुन्या वास्तूंच्या सुशोभीकरणाच्या बातम्या येत असतात. सुशोभीकरण झालं की कुंपण येतं, कुंपण आलं की दार, आणि दार आलं की तिकिटाची खिडकी. देखभालीला पैसा लागतो, मान्य. पण पेठेतला हातगाडीवाला, धुणीभांडी करणारी मावशी, तालुक्याच्या गावाहून आलेली शाळेची सहल यांच्यासाठी ही ठिकाणं उघडी राहायला हवीत, आणि ते महापालिकेच्या खर्चातून व्हायला काही हरकत नाही. तो पैसाही सगळ्यांच्याच करातला आहे. फार काही मागत नाहीये मी. उरलेल्या प्रत्येक उच्छ्वासाशी आणि हौदाशी एक मराठी फलक, त्यावर नळ कोणी बांधला हे जसं असेल तसं पाणी कोणाला नाकारलं हेही. पर्वतीच्या पायथ्याशी, १९२९ च्या सत्याग्रहाची माहिती, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात. आणि पेठांमध्ये चार ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ, स्वच्छ, चालू स्थितीतले.

पुढच्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसला या मागणीचं पत्र देतोय. त्याला जोडायला शिल्लक हौदांची आणि उच्छ्वासांची यादी हवी आहे. तुमच्या गल्लीत, सोसायटीच्या आवारात, वाड्याच्या मागच्या बाजूला एखादा उरला असेल तर फोटो आणि चौकाचं नाव खाली टाका. कचऱ्यानं भरलेला असला तरी चालेल.